डबीतली दोन बटणं

मी एक जुनी दातांची प्लेट आहे, मित्रांनो. माझ्याकडे बघून तुम्ही म्हणाल, ही कसली जुनी, ही तर कालच आणल्यासारखी चकाकतेय! तेच तर माझं दुखणं आहे. जी प्लेट मन लावून वापरली जाते तिच्या अंगावर दातांचे ओरखडे असतात, कडा झिजलेल्या असतात, रंग उडालेला असतो. माझा निळा रंग मात्र अजून जसाच्या तसा आहे. ही नाचक्की माझ्या वाट्याला कुणामुळे आली, ते मी कधीही विसरणार नाही.

सध्या माझा मुक्काम दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर, एका काचेच्या बरणीत असतो. माझ्या शेजारी एक विटलेला कापडी पट्टा आणि त्याची जाड तार आहे, आणि कोटाची दोन तपकिरी बटणं आहेत. दातांच्या दवाखान्यात बटणांचं काय काम, असं येणारं प्रत्येक मूल विचारतं. त्या बटणांची गोष्ट तीच माझी गोष्ट. आधीच सांगून ठेवते, ही काही गोड गोष्ट नाही. मला सूड घ्यायचा होता आणि तो मी घेतला.

माझ्या मालकिणीचा खालचा जबडा मागे राहिला होता. वरचे दात पुढे, खालचे कुठे तरी आत, आणि बाजूनं पाहिलं तर हनुवटी मानेत विरून गेल्यासारखी वाटायची. ओठ मिटायचे तर तिला जोर लावावा लागे. वर्गात मुलं तिला पोपट म्हणत. ती हसून घ्यायची आणि घरी येऊन उशीला गुद्दे मारायची.

तिला दवाखान्यात आणलं ते तिच्या आत्यानं. या आत्याचा आवाज त्या शहरात सगळ्यांच्या ओळखीचा होता, पण तिचा चेहरा फारच थोड्यांनी पाहिला होता. बस स्थानकाच्या वरच्या मजल्यावर, धुरकट काचेच्या खोलीत बसून ती गाड्यांच्या घोषणा करायची. ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’ हे तिनं म्हटलं की भांडणारी माणसंसुद्धा गप्प व्हायची. समोरासमोर बोलताना मात्र ती हनुवटीखाली मूठ धरायची. आत्याची हनुवटीही भाचीसारखीच होती आणि तिच्यासाठी कुणी काही केलं नव्हतं.

बरोबर बाबाही आले होते. त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं, जिकडे बघावं तिकडे आरसे. बाबांना भली मोठी, नीट कापलेली, तेल लावून विंचरलेली दाढी होती. ती दाढी म्हणजे घरातलं आणखी एक माणूसच होतं म्हणा ना, इतका तिचा थाट. मुलीची आई दुसऱ्या शहरात नोकरीला असायची आणि फक्त सुट्टीत घरी यायची. तिनं फोनवर सांगून टाकलं होतं, डॉक्टर म्हणतील तसं करा.

डॉक्टरीणबाईंनी तेव्हा जे भाषण दिलं ते मी आता रोज ऐकते, म्हणून मला पाठ आहे. जबडा मागे असेल तर उपाय बरेच आहेत, त्या सांगतात. एक जुन्या पद्धतीचं हेडगिअर. तो पट्टा डोक्यामागून येतो, त्याची तार तोंडात जाते आणि वरच्या जबड्याला पुढे पळू देत नाही. दुसरी दोन भागांची प्लेट. वरच्या भागाला उतार, खालच्या भागाला उतार, आणि तोंड मिटताना खालचा उतार वरच्यावरून असा घसरतो की जबड्याला पुढे यावंच लागतं. ही काढता-घालता येते. तिसरं हर्ब्स्ट. दोन्ही बाजूंना दांडी आणि नळी, दातांवर पक्की चिकटवलेली. ते डॉक्टरशिवाय कुणाला काढता येत नाही. शिवाय दातांवर तारा बसवून जोडायच्या स्प्रिंगा आहेत, पण त्या जरा मोठ्या मुलांसाठी.

“पण एक लक्षात घ्या,” त्या शेवटी म्हणतात, “हे सगळं हाडं वाढताहेत तोवरच. ही आत्ता वाढीला लागलीय. ही वेळ हातची गेली तर पुढे ऑपरेशनखेरीज इलाज नाही.”

“जे नक्की काम करेल ते द्या,” आत्या म्हणाली.

बाबांनी दाढीवरून हात फिरवला. “काढता येईल असंच द्या हो. कुठे लग्नाकार्याला जायचं असतं, फोटो असतात. पोरीच्या तोंडात कायमचं लोखंड कशाला?”

आणि मग माझी निवड झाली. मी चांगली म्हणून नव्हे, मला काढून ठेवता येतं म्हणून! जन्माआधीच झालेला हा अपमान मी गाठीला बांधून ठेवला.

मला घडवणारा कारागीर मात्र दिलदार माणूस होता. मुलीनं जबडा पुढे आणून मऊ मेणाच्या तुकड्यात दात रोवले होते. ते मेण त्यानं तिच्या दातांच्या पांढऱ्या साच्यांमध्ये बसवलं. पकडीनं तारा वाकवून दातांना धरून बसणारे आकडे केले, मग निळी पूड आणि झोंबऱ्या वासाचं पाणी कालवून माझं अंग भरलं. शेवटी त्यानं मला फिरत्या ब्रशवर घासून गुळगुळीत केलं, उजेडात धरलं आणि आपल्या आपण म्हणाला, “झकास!” तशी मी एकटीच नाही. वरची आणि खालची अशा आम्ही दोघी आहोत. पण खालची पहिल्यापासून मुखदुर्बळ, त्यामुळे दोघींच्या वतीनं बोलते ती मी, वरची.

पहिले दिवस मोठे छान गेले. आत्यानं रजा काढली होती. मला तोंडात घातल्यावर मुलीला धड बोलता येईना, लाळ गळायची, ‘स’ चा ‘थ’ व्हायचा. मग आत्यानं तिला समोर बसवलं, हातात झारा दिला आणि म्हणाली, “हा माइक. म्हण, प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे.”

“प्लवाथांनी क्लुपया...”

“गाडी चुकली सगळ्यांची! पुन्हा.”

“आत्या, नको ना. हनुवटी ओली झाली.”

“पूस आणि म्हण. फलाट क्रमांक तीनवरची गाडी सुटण्यास तयार आहे.”

हसत-रडत चार-पाच दिवसांत ती अशी तयार झाली की डोळे मिटून ऐकलं तर आत्याच बोलतेय असं वाटावं. माझा उतार खालचीवर अचूक बसू लागला. जेवताना ती मला काढायची, लगेच ब्रशनं घासायची आणि पुन्हा घालायची. बेसिनवर माझी पिवळी डबी असायची, पण मी तिच्यात क्वचितच विसावत असे. आत्या तिचा गालगुच्चा घेऊन म्हणायची, “तुझी हनुवटी अशी पुढे आणते की पोपट म्हणणाऱ्यांनी तोंडात बोटं घालावीत. बघच तू.” ते बोलताना तिच्या आवाजाला धार यायची. मला ती धार आवडायची.

रजा संपली आणि आत्या कामावर जाऊ लागली. तिची पाळी दुपारपासून रात्रीपर्यंत. मुलगी सकाळी शाळेत जायची ती संध्याकाळी यायची. दोघींची गाठ पडायची ती फक्त सकाळी, नाश्त्याला, म्हणजे नेमकी मला काढून ठेवायच्या वेळेला. आत्या बेसिनवरची डबी उचलून कानाशी हलवायची. आत मी खडखड वाजले की म्हणायची, “आहे जागेवर. शाबास.” आणि चहाला बसायची.

संध्याकाळी घरात बाबांचं राज्य असायचं. ते काही दुष्ट नव्हते, लेकीवर त्यांचा जीव होता. पण त्यांना माझा मनापासून तिटकारा होता.

“काय गं, तोंडात गरम बटाटा ठेवल्यासारखी बोलतेस! काढ ते खेळणं आणि नीट सांग.”

मुलगी मला काढायची.

“पाहुणे यायचेत. त्यांच्यासमोर नको हं ते.”

मुलगी मला काढायची. फोटो असला की मी बाहेर. मैत्रिणी आल्या की मी बाहेर. एकदा मला कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवलं होतं, तर बाबांनी तो बोळा सरळ कचऱ्याच्या बादलीत टाकला. मला तिथून उचललं गेलं ते केवळ नशिबानं. अंगाला संत्र्याची सालं आणि चहाचा चोथा चिकटला होता. बाबा खो खो हसत होते. तो हशा मी विसरले नाही.

एक दिवस तिनं विचारलं, “बाबा, तुमची हनुवटीपण माझ्यासारखीच आहे का?”

“आहे की. आपल्या घराण्याचीच तशी. माझं काही अडलं का?”

“पण तुमची दिसत नाही.”

“तेच म्हणतोय मी. कुठे काय दिसतं?” आणि त्यांनी दाढी कुरवाळली.

त्या दिवसानंतर तिनं मला घालणं जवळजवळ सोडलंच. राहता राहिली सकाळची डबी. मी डबीत आहे हे ठाऊक असेल तर बेसिनवर जाताना रोज तिचं मन तिला खाणार, तोंडात घालावं तर बाबा हसणार, आणि डबी रिकामी दिसली तर आत्या विचारणार, प्लेट कुठे आहे? पोरीनं डोकं चालवलं. कपाटावर बटणांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. त्यातली कोटाची दोन जाड बटणं तिनं उचलली आणि माझ्या डबीत टाकली. तिनं डबी हलवून पाहिली. खडखड! अगदी माझा आवाज. मग बटणांच्या जागी पत्र्याच्या डब्यात तिनं मला कोंबलं आणि झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला कपाटावरून आत्याचा आवाज ऐकू आला, “आहे जागेवर. शाबास.” माझ्या तारा नुसत्या संतापानं थरथरल्या असत्या, पण आमच्या जातीला तेवढीही सोय नाही.

“ओरडून उपयोग नाही,” डब्याच्या तळातून कुणी तरी घोगऱ्या आवाजात बोललं. “मी किती तरी वर्षं ओरडलो.”

तो होता एक कापडी पट्टा आणि जाड वाकडी तार. हेडगिअर. पण त्यानं आपलं नाव लगाम असं सांगितलं, कारण या घरात त्याला त्याच नावानं हाक मारली गेली होती.

“मी तुझ्या मालकिणीच्या आत्याचा,” तो म्हणाला. “तीही तेव्हा एवढीच होती. मला संध्याकाळपासून सकाळपर्यंत लावायची. डोक्यामागे पट्टा, गालांवरून तार, दिसायला भयंकर होतो हे मला मान्य आहे. पण कामाला चोख होतो. वरचा जबडा मी जागचा हलू दिला नसता. तर तिचा हा भाऊ रोज गल्लीतली पोरं गोळा करून आणायचा. ‘या या, आमची घोडी बघा, लगाम घातलाय!’ मग सगळी पोरं टाचांनी टापा वाजवायची. एक दिवस तिनं मला स्वतःच्या हातानं या डब्यात लपवलं आणि आईला सांगितलं, हरवला म्हणून. आईनं दुसरा आणला नाही. तिची वाढीची वर्षं निघून गेली. पुढे भावाला दाढी आली, त्याचं झाकलं गेलं. हिचं उघडंच राहिलं.”

“आणि तू गप्प बसलास?”

“मी डोक्यावर दिसणारा पट्टा. डब्यात पडल्यावर मी काय करणार? तू तशी नाहीस. तू तोंडाच्या आत जातेस. तुला पुन्हा एकदा तरी तोंडात जायला मिळेल. तेव्हा माझीही आठवण ठेव.”

मी शब्द दिला. मित्रांनो, अंधाऱ्या डब्यात दोन टाकलेल्या वस्तूंनी दिलेला शब्द फार पक्का असतो.

दवाखान्याचा दिवस आला की मुलगी मला हळूच काढायची, नळाखाली धरायची, रुमालात गुंडाळून खिशात ठेवायची आणि दवाखान्याच्या जिन्यात तोंडात घालायची. दाखवायला बाबा आणायचे, त्यांना काय कळणार? खुर्चीत बसल्यावर डॉक्टरीणबाई म्हणायच्या, काढ प्लेट. मग मी ट्रेमध्ये पडून पुढचं नाटक पाहायची. पोरगी खालचा जबडा स्नायूंच्या जोरावर पुढे ढकलून ठेवायची! घरी आरशासमोर तिनं याचा सराव केला होता. बोलताना पुढे, हसताना पुढे, गिळताना पुढे. बाई पट्टी लावून मोजायच्या आणि खूश व्हायच्या.

“वा! मस्त पुढे आलाय. अशीच घालत राहा.”

त्याच्या पुढच्या खेपेला म्हणाल्या, “आता काय, जवळजवळ झालंच. पुढच्या वेळी तपासून प्लेट बंद करू.”

माझं काम बंद होण्याचं मला काही वाटलं नाही, ते सुरू तरी कुठे होतं? पण या पोरीची उंची भराभरा वाढत होती. शाळेचा गणवेश दोनदा उसवून खाली सोडला होता. हाडांना आता फार वेळ उरलेला नव्हता. एकदा बाईंनी ‘झालं’ म्हटलं की संपलं. वर्षभरात थकून ती ढकलणं सोडणार, जबडा मागेच दिसणार, आणि तेव्हा मी, लगाम, हर्ब्स्ट, कुणीच कामाचं राहणार नाही. मग आहेच सुरी नाही तर जन्मभर हनुवटीखाली मूठ. मला तिची कणव आली का? खरं सांगते, नाही. मला आठवत होता तो चहाचा चोथा आणि त्या डब्यातला अंधार.

शेवटच्या तपासणीच्या दिवशी मात्र आत्यानं कामावरून खास सुट्टी काढली. हा विजय तिला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा होता. निघताना तिनं बेसिनवरची डबी उचलून पर्समध्ये टाकली.

“डबी मी घेते ना, आत्या,” मुलगी घाईघाईनं म्हणाली.

“राहू दे. तू विसरशील कुठे तरी.”

मी तेव्हा तिच्या खिशात, रुमालात होते. तिची मांडी भीतीनं गार पडली ते मला तिथेही कळलं.

दवाखान्यात सगळं नेहमीसारखं झालं. जिन्यात मी तोंडात, खुर्चीत बसल्यावर ट्रेमध्ये. पोरीनं जबडा पुढे केला. बाईंनी पट्टी लावली आणि हसून म्हणाल्या, “अभिनंदन!” बाबांनी दाढीवरून असा हात फिरवला की जणू त्यांनीच जबडा ओढून आणला होता. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं पहिल्यांदाच हनुवटीखालची मूठ काढली.

“डॉक्टर, हिची एक गंमत ऐका,” ती म्हणाली. “प्लेट घालून माझ्यासारखी हुबेहूब घोषणा करते. घाल गं, दाखव एकदा.”

मुलीनं मला तोंडात घातलं.

मित्रांनो, मी काहीही केलं नाही. टोचले नाही, चावले नाही. मी फक्त तिला मदत केली नाही. रोज घातलेली प्लेट जिभेला ओळखते, तिला वाट करून देते, लाळ सांभाळून घेते. मी परकी झाले होते. परक्यासारखीच वागले.

“प्लवाथांनी क्लुपया लथ...”

लाळेची एक लांब धार तिच्या हनुवटीवरून खाली छातीवरच्या कागदी लाळेऱ्यावर आली. तिनं ती ओढून घेतली, पुन्हा सुरुवात केली. पुन्हा धार. माझा उतार खालचीच्या उतारावर बसेना, आम्ही दोघी टकरा घेत राहिलो. बाबा हसायला गेले आणि बाईंचा चेहरा बघून थांबले.

“प्लेट काढू नकोस, राहू दे,” बाई शांतपणे म्हणाल्या. मग जरा विचार करून, “बरं, काढच. आता जिभेचं टोक टाळूला लाव. मागे, अजून मागे. तसंच ठेवून दात मिट.”

जीभ मागे गेली की जबडा ढकलून धरता येत नाही. हे पोरीला ठाऊक नव्हतं. जबडा मागे घसरला. अगदी पहिल्या दिवशी होता तिथे जाऊन बसला. मी ट्रेमधून पाहत होते आणि मला आनंद झाला होता. हो, झाला होता.

बाईंनी मला परत मुलीच्या तोंडात बसवून आकडे तपासले आणि म्हणाल्या, “आकडे पण सैल नाहीत, घट्ट आहेत. ही प्लेट वापरलेलीच नाही. असू दे. डबी द्या, ठेवून देऊ.”

आत्यानं पर्समधून डबी काढली. डबी तिच्या हातात खडखड वाजली.

मी मुलीच्या तोंडात होते. सगळ्यांना मी दिसत होते. डबी मात्र वाजत होती.

आत्यानं झाकण उघडलं. तपकिरी बटणं तिच्या तळहातावर पडली. तिनं ती ओळखली. तिच्याच वडिलांच्या कोटाची बटणं होती ती, आणि कुठल्या डब्यात असतात हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्या डब्यात तिनं स्वतः काय लपवलं होतं, तेही तिला आठवलं. ती पोरीवर ओरडेल असं मला वाटलं होतं. मी त्याचीच वाट पाहत होते. पण तिनं पोरीकडे पाहिलंच नाही.

“तू काय म्हणालास हिला?” तिनं भावाला विचारलं.

“मी? मी कुठे काय...”

“बाबा म्हणाले, बटाटा ठेवल्यासारखी बोलते,” मुलगी मला तोंडातून काढून हुंदके देत म्हणाली. “म्हणाले, आपलं घराणंच असं आहे. काही दिसत नाही.”

“अगं, गमतीत म्हणालो मी! एवढ्याशा गमतीचं काय घेऊन बसलीस?”

“मलाही तू गमतीतच घोडी म्हणायचास,” आत्या म्हणाली. तोच आवाज, सगळ्या शहराला गप्प करणारा. “मी अजून त्या काचेमागे बसलेय तुझ्या गमतीपायी. तुझं काय रे, तू दाढी वाढवलीस. मी कुठे वाढवू? ही कुठे वाढवणार आहे?”

बाबा दाढी मुठीत धरून बसले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “वेळ अजून थोडी आहे. पण आता काढता येणारं काही नको. हर्ब्स्ट बसवते.”

हा घाव माझ्यावर होता. मला पोरीला तोंडघशी पाडायचं होतं, पण तिच्या तोंडातली माझी जागाच त्या दांड्यांना जाईल हे मी धरलंच नव्हतं. हर्ब्स्ट कपाटातून माझ्याकडे बघत असणार. त्याला कुणी काढू शकत नाही, याचा केवढा तोरा असतो त्याला!

“बसवा,” आत्या म्हणाली. मग भावाकडे वळली. “आणि माझी एक अट आहे. ते हिच्या तोंडात आहे तोवर तुझ्या तोंडावर दाढी नको.”

“काय बोलतेस? दुकानात चारी बाजूंनी आरसे आहेत!”

“म्हणूनच.”

मला आणि बटणांना बाईंनी ठेवून घेतलं. “पोरांना दाखवायला उपयोगी पडतील,” म्हणाल्या. त्यामुळे पुढचं मी बरणीतून पाहिलं.

हर्ब्स्ट बसवायच्या दिवशी आत्या आणि मुलगी आधी आल्या. मागून एक माणूस आला. मी ओळखलंच नाही. गाल पांढरेफटक, वरचे दात पुढे, आणि ओठांखाली पाहावं तर मान सुरू! तो सारखा रुमालानं तोंड पुसत होता. डॉक्टरीणबाईंनीही न ओळखून त्याला विचारलं, “पेशंट कोण, तुम्ही का?” मी पोटभर बघून घेतलं. लगाम तिथे नव्हता याचं मला वाईट वाटलं.

मुलगी त्यांच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली. तिनं ती हनुवटी आयुष्यात प्रथमच पाहिली होती.

“बाबा,” ती म्हणाली, “तुम्ही अगदी माझ्यासारखे दिसता.”

बाबा खुर्चीत बसले. त्यांनी रुमाल तोंडावर धरला आणि बराच वेळ काढला नाही. “हो गं बाई,” एवढंच आतून ऐकू आलं. “मलाही पोपटच म्हणायचे.” आत्या खिडकीबाहेर बघत होती. तिनं वळून पाहिलं नाही, पण तिचे कान इकडेच होते.

हर्ब्स्टनं काम चोख केलं. मला ते कबूल करावं लागतं, आवडत नाही. ऋतू पालटले, मुलीच्या तोंडात दांड्या नळीत सरकत राहिल्या आणि बाबा रोज गुळगुळीत दाढी करून आरशांच्या गराड्यात चष्मे विकत राहिले. मग हर्ब्स्ट काढायचा दिवस आला. बाईंनी तिला जीभ टाळूला लावायला सांगितलं. दात मिटले. जबडा जागचा हलला नाही.

“झालं,” आत्या भावाला म्हणाली. “वाढव आता.”

बाबांनी उघड्या हनुवटीवर हात फिरवला. “राहू दे. गिऱ्हाइकांना सवय झालीय.”

“मला नाही झाली,” आत्या म्हणाली, “पण राहू दे. बघायला बरं वाटतं मला.” मग तिनं पर्समधून लगाम काढला आणि बाईंना म्हणाली, “हाही ठेवा बरणीत. विचारलं पोरांनी तर सांगा, घोडीचा आहे.” बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याला माझ्याशेजारी ठेवलं. लगामनं एकदाच विचारलं, “त्याची दाढी गेली?” मी म्हटलं, गेली. त्यानंतर तो काही बोललेला नाही.

जाण्याआधी मुलीनं बरणीत हात घालून मला बाहेर काढलं. तिनं मला नळाखाली धरून नीट घासलं, कुणी सांगितलेलं नसताना. मग आम्हां दोघींना तोंडात घालून पाहिलं. आम्ही बसेनाच. माझे उतार तिला जिथवर न्यायला घडवले होते, त्याच्याही पुढे तिची हनुवटी गेली होती. ती मला हातात घेऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, “हे तूच करणार होतीस ना?”

मी तिला माफ केलेलं नाही, मित्रांनो. जे काम माझं होतं ते दुसऱ्यानं केलं, आणि मी इथे नवीकोरी बसले आहे. तो राग जायचा नाही. पण त्या रागानंच तुम्हाला सांगते. तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल तर तिला रोज घासा, गरम पाण्यात टाकू नका, कागदात गुंडाळू नका, आणि कुणी हसलं म्हणून काढू नका. हसणाऱ्याची हनुवटी आधी बघा.

आणि घरातल्या आत्यांनो, मावश्यांनो, डबी वाजली म्हणून शाबासकी देऊ नका. डबी रिकामी असेल आणि पोर बोबडं बोलत समोर उभं असेल, तेव्हा द्या.